डावा गाल, उजवा गाल

डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर नखाएवढा चुना, आणि मग उजव्या अंगठ्याने ती अशी मळायची की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. नंतर दोन थापा, एक फुंकर, आणि पहिली चिमूट स्वतःच्या डाव्या गालात. मग तो तळहात समोर धरून ते म्हणायचे, "उचला. मी आधी घेतला, आता तुमी घ्या."

सौंसरच्या बैलबाजारात या वाक्याला सही-शिक्क्याचा मान होता. ते बैलांचे दलाल. लिंबाच्या झाडाखाली त्यांची बसायची जागा ठरलेली होती, आणि ते आले नाहीत तर तिथे दुसरं कोणी बसत नसे. नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं अजून या भागात आहेत, आणि पुढे जे सांगायचं आहे ते फारसं गोड नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. ते मला गुरुजी म्हणायचे, कारण मी इथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या थोरल्या मुलाला इंग्रजीत दोनदा नापास केलं होतं. तो राग त्यांनी कधी धरला नाही. "पोट्टा माह्यावर गेला," एवढंच म्हणाले.

बैलांचा सौदा आमच्याकडे तोंडाने होत नसे. विकणारा आणि घेणारा हात पुढे करायचे, त्यावर दलाल आपला दुपट्टा टाकायचा, आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबून किंमत सांगितली जायची. बाहेर उभ्या असलेल्यांना फक्त कापड हललेलं दिसायचं. पटलं नाही तर समोरच्याचा अंगठा धरून मुडपायचा, म्हणजे बोलणं मोडलं. पटलं की दलालाच्या तळहातावरची तंबाखू दोघांनी उचलायची. एकदा ती तोंडात गेली की मग बैल लंगडा निघो, मारका निघो, सौदा मोडत नाही. आणि पहिली चिमूट दलालानेच घ्यायची. वाढणारा आधी जेवला की पंगतीला भरवसा वाटतो, तसं हे.

दलालाने स्वतः कोणाचा अंगठा मुडपला तर त्याने आपला शब्द गिळला असं समजलं जाई. भाऊंना याचा मोठा तोरा. "बैल मांगं चालत नाई, अन् माहा शब्दही मांगं चालत नाई. एवढं वय झालं, म्या कोनाचा अंगठा मुडपला नाई," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. शिकलेला नाही, पैसेवाला नाही, पण त्याने "चालते" म्हटलं की गाव चालायला लागतं. असा माणूस गावाला हवा असतो. आणि असा माणूस चुकला तर काय होतं, तेही गावालाच भोगावं लागतं.

नागपूर आमची राजधानी होती तेव्हाची गोष्ट. एक परदेशी डॉक्टर पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उतरले आणि जीपने सौंसरला आले. उंचच्या उंच, केस कापसासारखे, आणि उन्हाने नाक सोललेलं. बरोबर मुंबईची दोन-तीन माणसं होती, पण त्यांची मराठी आमच्या लोकांना कळेना आणि आमच्या लोकांची त्यांना. हेडमास्तरांनी मला दुभाष्या म्हणून पाठवलं. शाळेला सुट्टी नव्हती, पण मला मिळाली, म्हणून मी खुशीत होतो.

साहेबांनी मला आधी काम समजावून सांगितलं. तोंडाचा कॅन्सर जगात सगळीकडे सारखा होत नाही. त्यांच्या देशात तो क्वचित, आपल्याकडे फार. मग हे कशामुळे? मिरचीमुळे, किडलेल्या दातांमुळे, बिडीमुळे, की चुना-तंबाखूमुळे? वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर एकमेकांशी ठरवून, तेच प्रश्न विचारत, त्याच रीतीने तोंडं तपासत हिंडत होते. कारण सापडलं तर रोग होण्याआधीच अडवता येईल, असा त्यांचा हिशोब. प्रश्न पुष्कळ होते, पण एका प्रश्नावर साहेबांचा फार जीव: तंबाखू कोणत्या गालात धरता? ज्या गालात तंबाखू, त्याच गालात चट्टा, असं गावोगाव दिसू लागलं तर बोट तंबाखूकडे वळतं.

प्रश्नांना लोकांची हरकत नव्हती. आमच्याकडे माणूस तंबाखूबद्दल तासभर बोलेल. पण तोंड उघडायची वेळ आली की सगळे उठून जायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत डोक्यावर दगड झेलणारे हे लोक, पण तोंड म्हटलं की त्यांची बोबडी वळायची. एकाने मला तोंडावर सांगितलं, "तोंड उघडाले आमी काय विकाले आलो?" त्याचंही खरंच होतं. आमच्या भागात दात पाहतात ते बैलाचे, आणि तेही विकत घेण्याआधी.

तेव्हा मी साहेबांना भाऊंकडे नेलं.

भाऊंनी साहेबांना नखशिखांत न्याहाळलं, जसं ते नव्या जोडीला न्याहाळत. मग मला विचारलं, "हे करून काय राहिले, गुरुजी?" मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ लिंबाखालचा कचरा काडीने उकरला. म्हणाले, "म्हंजे ढोरायवर रोग आला का आपन पायतो ना, कोन्या नाल्याचं पानी पेले, तसं." मी म्हटलं, अगदी तसंच. "मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला बसले.

पुढे जे झालं ते बाजारात वर्षभर सांगितलं गेलं. भाऊंनी पहिली चिमूट घेतली आणि तळहात साहेबांपुढे धरला. ज्या तंबाखूवर संशय म्हणून हा माणूस समुद्र ओलांडून आला, तीच समोर! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घेतली नाही तर इथलं काम संपलं. साहेबांनी डोळे मिटून चिमूट गालात ठेवली. क्षणभर काही नाही, आणि मग अशी उचकी लागली की काही केल्या थांबेना. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, टोपी धुळीत. सगळा बाजार पोट धरून हसला. भाऊ मात्र हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सौदा झाला, सायेब. आमी तोंड उघडतो. तुमाले जे दिसन ते खरं सांगा. गोड करून सांगू नका."

मी भाषांतर केलं. साहेबांनी उचकी देता देता छातीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून रांग लागली. भाऊ शेजारी बसून प्रत्येकाची ओळख करून देत. "याचं तोंड याची बायको रोज पायते, आज तुमी पाहा." "याच्या दातायवर जाऊ नका सायेब, तरना हाय, नुसता दिसते म्हातारा." भीती पार पळाली. लोधीखेड्याहून त्यांचे जावईही आले होते, एकुलत्या एका मुलीचा नवरा. अबोल, कामसू शेतकरी. सासऱ्याच्या पुढ्यात मान वर करून न बोलणारा. त्यांनीही तोंड दाखवलं. त्यांच्या डाव्या गालात एक लहानसा पांढरा चट्टा निघाला.

शेवटी भाऊ स्वतः बसले. साहेबांनी बॅटरी धरली आणि बराच वेळ बाजूला केली नाही. डाव्या गालाच्या आत, जिथे इतकी वर्षं चिमूट बसत आली होती तिथे, चुन्याचा हात फिरवावा तसं पांढरं झालं होतं.

साहेब सौद्याला जागले. गोड करून सांगितलं नाही. म्हणाले, "हा आज कॅन्सर नाही. उद्या होऊ शकतो. तुमचा आणि जावयांचा, दोघांचाही. तंबाखू पूर्ण सोडा. सोडली तर असे चट्टे पुष्कळदा मागे हटतात. पुढच्या वर्षी मी पुन्हा येऊन पाहीन."

भाऊंनी तळहातावरचा चुना दुपट्ट्याला पुसला. मग मला म्हणाले, "सायबाले इचारा, मी सोडला तर पयली चिमूट कोन घेईन?"

साहेबांना आधी कळलंच नाही. मी सौद्याची रीत समजावून सांगितली. त्यांनी विचार करून सुचवलं, तंबाखूऐवजी गूळ ठेवला तर? भाऊ एकदम हसले. "गुयावर सौदा? मुंग्या येतीन, गिऱ्हाईक नाई येनार."

हसले खरे, पण त्या दिवशी दिवसभर ते हात मांडीखाली घेऊन बसले होते. तंबाखू सोडली तर लिंबाखालची जागा गेली. नाही सोडली तर तोंड गेलं. आता लिहिताना वाटतं की या पेचात कोणीही त्यांच्याच वाटेने गेला असता. पण तेव्हा मला त्यांचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

कारण साहेब गेल्यावर पुढच्याच बाजाराला मी पाहिलं तर भाऊंचा उजवा गाल फुगलेला.

"भाऊ, साहेब काय म्हणाले होते?"

"आयकलं मी. बैलाचा खांदा सोलला तर आपन बैल खाटकाले देतो का? जू सरकवतो. जागा बदलली का खांदा भरून येते."

"साहेब सोडा म्हणाले. सरकवा नाही म्हणाले."

"सायेब डाक्टर हायत. बैलं कोठी हाकली त्यायनं?" आणि त्यांनी उजव्या गालातला तोबरा जिभेने नीट बसवला. आता तो वाद संपला होता.

दुर्दैव असं की महिन्याभरात डाव्या गालाची आग कमी झाली. म्हणजे निदान त्यांना तसं वाटलं. मग काय विचारता! स्वतः ते उजवाच धरून राहिले, पण ज्याला त्याला सांगत सुटले. "डावा दुखते तर उजवा धरा. या बाजाराले डावा, पुढच्या बाजाराले उजवा. गाल भरून येते. माहा शब्द हाय." सांगणारे भाऊ, आणि त्यांच्या शेजारी गोऱ्या साहेबाला बसलेलं सगळ्यांनी पाहिलेलं. लोकांनी हे साहेबाचंच औषध समजून घेतलं. गावोगाव पाळी लागली. आज कोणता गाल, हे माणसं वार विचारावा तसं एकमेकांना विचारू लागली. दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाचा लगदा, घासणाऱ्या बायाही बाजू बदलू लागल्या. ज्यांनी साहेबाच्या धाकाने सोडली होती त्यांनी पुन्हा धरली, कारण आता धोका टळला होता. मी शाळेत, पारावर, लग्नाच्या मांडवात बोंबलून थकलो. पण मास्तरचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लोक म्हणायचे, "गुरुजी सांगतेच. सांगाचाच पगार भेटते त्यायले."

या सगळ्यात एक माणूस असा होता की ज्याने खरोखर तंबाखू सोडली होती. ते म्हणजे भाऊंचे जावई. साहेबांचं ऐकून त्यांनी चुन्याची डबी विहिरीत टाकली होती. दिवाळीला ते सासरी आले तेव्हा मी भाऊंच्या ओसरीवर होतो. भाऊंनी तंबाखू मळली, पहिली चिमूट उजव्या गालात ठेवली आणि तळहात जावयापुढे धरला. जावई बिचकले. "मामाजी, मी सोडली," एवढं हळूच म्हणाले.

"सोडाचं काम नाई जावईबापू. इकडच्या गालात ठेवा. काई होत नाई. माहा शब्द हाय."

सासऱ्याचा पुढे आलेला तळहात कोण नाकारणार? त्यांनी चिमूट घेतली. आतून वैनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थबकल्या.

साहेब पुढच्या वर्षी यायचे होते. पण त्याच सुमारास राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळच्या हवाली झालो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजार नागपूरचा आणि हुकूम भोपाळचा, अशी आमची गत झाली. भाऊ म्हणायचे, "बैलाले कोनी इचारते का, कोन्या राज्यात जातं? वैरन जिकडं, तिकडं तो जाते." हसण्यावारी गेलं, पण साहेबांच्या परवानगीचे कागद कोणत्या राजधानीत जायचे हेच बरेच दिवस कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांची फेरी लांबत गेली, आणि तोवर डावा-उजवा गावागावांत पक्का मुरला.

बदल आधी लक्षात आला तो वैनींच्या. एकदा मी घरावरून जात होतो, तर त्यांनी हाक मारून थांबवलं. "गुरुजी, यंदा यायनं संत्रा खाल्ला नाई." मला वाटलं, दमा असेल, खोकला असेल. त्या म्हणाल्या, "तोंडात फोड धरली का डोयातून पानी येते. मिरची तर कवाच सोडली. मले सांगते, दात दुखते. गुरुजी, दात नाई दुखून राहिला." सौंसरच्या माणसाने बहरात संत्रं खाल्लं नाही, याचा अर्थ काय होतो ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

अखेर साहेब आले. पुन्हा लिंबाखाली टेबल मांडलं, पुन्हा मी शेजारी. पहिल्या माणसाला विचारलं, तंबाखू कोणत्या गालात? "दोन्ही." दुसऱ्याला विचारलं. "पाळीपाळीनं." तिसरा, चौथा, सगळे तेच. एकाने तर खुलासा केला, "आज उजवा हाय. भाऊनं सांगितलं तसं करतो." साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. ज्या एका प्रश्नावर त्यांची सगळी भिस्त होती, तो आमच्या तालुक्यात निकामी झाला होता. पण मला वाटतं, त्या क्षणी ते आपल्या संशोधनाचा विचार करत नव्हते. चट्टे मोजायला बसलेला तो माणूस समोरच्या प्रत्येक तोंडात दोन्हीकडे चट्टे पाहत होता.

भाऊ मात्र खुशीत पुढे आले. "सायेब, तुमच्या दवाईत म्या थोडी सुधारना केली," म्हणाले आणि तोंड उघडलं. नीट उघडत नव्हतं. साहेबांनी बोटाने गाल बाजूला केला आणि बॅटरी धरली. यावेळी त्यांना फार वेळ लागला नाही.

डाव्या गालात जखम झाली होती, काठ उचललेली आणि कडक.

"पन इकडं तर मी ठेवतच नाई!" भाऊ म्हणाले. लबाडी पकडल्यावर माणूस ओरडतो तसे ते ओरडले नाहीत. ज्याचा हिशोब चोख होता आणि तरी तोटा आला, असा माणूस बोलेल तसे बोलले.

साहेब सावकाश बोलत गेले आणि मी माझ्या मराठीत सांगत गेलो. ही जखम जुवाची नाही, की सरकवलं आणि भरून आली. हे विष आहे. डाव्या गालात इतकी वर्षं पेरलं ते आता उगवलं. आणि उजव्या गालात पेरणी चालूच आहे. लगेच नागपूरला जा. मी चिठ्ठी देतो, पण बरं होईल असं मी सांगणार नाही. आपला तसा सौदा आहे.

भाऊंनी पहिला प्रश्न स्वतःबद्दल विचारला नाही. "जावईबापूचं तोंड पाह्यलं का?" म्हणाले.

सकाळीच पाहिलं होतं. चट्टा वाढला होता, आणि दुसऱ्या गालातही नवा आला होता. साहेब म्हणाले, "अजून कॅन्सर नाही. अजून वेळ आहे, पण आजच्या आज सोडली तर."

भाऊंनी दुपट्टा तोंडावर घेतला. तो नंतर त्यांनी कोणासमोर काढला नाही. एकदाच काढला, ते सांगतोच.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना बरेच दिवस ठेवलं. सुया टोचल्या, शेक दिले, जबड्याचा तुकडा काढला. परत आले तेव्हा अर्धे झाले होते, आणि बोलणं कोणाला समजत नव्हतं. ओठ हलायचे, घशातून आवाज यायचा, पण शब्द बनत नसे. ज्या माणसाच्या शब्दावर बाजार चालला, त्याचं हे झालं. घरात वास यायचा. वैनी उदबत्त्या लावायच्या आणि मी गेलो की आधी खिडकी उघडायच्या, मग मला बसायला सांगायच्या.

या अवस्थेत हा माणूस गावात हिंडत असे. ज्याला ज्याला त्यांनी डावा-उजवा शिकवला होता त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, दुपट्ट्यातून काहीतरी सांगायचे, त्याच्या गालाकडे बोट करायचे आणि हात नकारार्थी हलवायचे. लोक उठून बसायला घोंगडी टाकायचे. "आराम करा भाऊ," म्हणायचे. कोणी दया येऊन चिमूटही पुढे करायचा, तेवढीच आग थांबेल म्हणून. भाऊंचं धडधाकट असतानाचं बोलणं लोकांच्या कानात पक्कं बसलं होतं. आजारी भाऊ काय, घाबरलेला माणूस. त्याचं काय ऐकायचं?

जावयांकडे त्यांनी दोनदा माणूस पाठवला. जावई आले, सासऱ्याच्या पायाशी बसले, रडले, आणि परत गेले. मी त्यांना गाठून विचारलं, तंबाखू सोडली का? ते म्हणाले, "धरून राहिलो जी, पन बाजू बदलतो. मामाजीचाच शब्द हाय ना." मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. पण त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. सासऱ्याचा शब्द पाळणं म्हणजे त्यांची सेवाच, असं तो भला माणूस समजत होता.

पोळ्याआधीचा बाजार आला. या बाजारात मोठ्या जोड्या येतात, झुली, घुंगरं, शिंगांना रंग, आणि माणसांचा पूर. भाऊंनी हट्ट धरला की मला न्या. वैनींनी नको म्हटलं, मी नको म्हटलं. ते छकड्यात जाऊन बसले. मग आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसलो आणि निघालो.

लिंबाखालची जागा रिकामीच होती. पलीकडे एक नवा दलाल उभा होता आणि त्याच्यासमोर भाऊंचे जावई. पांढऱ्या जोडीचा सौदा नुकताच पटला होता. दलालाने तंबाखू मळली, स्वतः घेतली, आणि तळहात पुढे केला. जावयांनी चिमूट उचलली.

भाऊ छकड्यातून उतरले. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढं भराभर चालताना पाहिलं नव्हतं. गर्दी आपोआप बाजूला झाली. ते जावयासमोर उभे राहिले आणि त्यांनी तोंडावरचा दुपट्टा काढला.

आमच्याकडे सासरा जावयासमोर बोडक्या डोक्यानेसुद्धा येत नाही. या माणसाने जन्मभर ती रीत पाळली होती. आता भर बाजारात, माणसांसमोर, बैलांसमोर, त्यांनी मान वर करून तोंड उघडलं. उघडायची तशी गरजही नव्हती. डाव्या गालाला आरपार भोक पडलं होतं आणि त्यातून दाढा दिसत होत्या. वास पसरला. जवळचा एक बैल फुरफुरला. मागून कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. जावई मागे सरले, तसं भाऊंनी त्यांचा खांदा धरून पुढे ओढलं आणि बोटाने आपल्या तोंडाकडे खूण केली. पाहा. नीट पाहा. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना जसे बैलांचे दात दाखवले, तसं आज ते स्वतःचं तोंड दाखवत होते.

वैनी छकड्यातच तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या रडत होत्या, पण त्यांनी नजर वळवली नाही.

मग भाऊंनी जावयाचा उजवा हात हातात घेतला, चिमूट उचललेला तो हात, आणि त्यावर आपला दुपट्टा टाकला. कापड हललं. आम्हाला नेहमीप्रमाणे एवढंच दिसलं. दुपट्ट्याखाली काय झालं ते दिसलं फक्त जावयांच्या तोंडावर. ते आधी दचकले, मग त्यांनी सासऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हाताखालच्या धुळीत तंबाखूची चिमूट पडली. भाऊ तो हात बराच वेळ सोडायला तयार नव्हते.

भाऊ पोळा पाहायला राहिले नाहीत.

त्या दिवशी बाजार सुन्न झाला होता हे खरं. पण पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो, तर लिंबाखाली नवा दलाल बसला होता आणि तळहातावर तंबाखू मळली जात होती. एकजण मला म्हणाला, "भाऊचं नशीब, दुसरं काय." पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरची खिडकी, मी गेलो की, आधी उघडली गेली. मी शाळामास्तर, मला प्रत्येक दुःखात धडा शोधायची सवय. इथे मला तो सापडला नाही. एका माणसाने आपला शब्द परत घ्यायला भर बाजारात फाटका गाल उघडा केला, आणि तो परत घेतला गेला तो फक्त एका माणसापुरता.

पुष्कळ दिवसांनी साहेबांची माणसं पुन्हा आली. साहेब स्वतः आले नाहीत. नवा तरुण डॉक्टर होता, मी पुन्हा दुभाष्या, आमच्या दोघांच्या मध्ये कागद. लोधीखेड्याची पाळी आली तेव्हा भाऊंचे जावई समोर येऊन बसले. डॉक्टरांनी तोंड तपासलं, पुन्हा तपासलं. दोन्ही गाल स्वच्छ होते. मग त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, तंबाखू कोणत्या बाजूला धरता?

"कोनत्याच नाई," जावई म्हणाले.

"कधीपासून?"

जावयांनी उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरला. "मामाजीनं अंगठा मुडपला तवापासून."

डॉक्टरांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला इंग्रजीत ते सांगता येईना. "सासरे गेले त्या पोळ्यापासून," मी म्हटलं, आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.